पाऱ्याच्या थेंबावरील विश्लेषण

द्रावणात कोणता पदार्थ किती आहे हे ठरवण्यासाठी त्याचा अवक्षेप खाली बसवायचा, तो गाळायचा, वाळवायचा आणि तराजूत तोलायचा, ही रसायनशास्त्राची जुनी रीत होय. विद्युत् रासायनिक पद्धतींत एवढा खटाटोप करावा लागत नाही. द्रावणात बुडवलेल्या विद्युतवाहकाच्या, म्हणजेच विद्युतग्राच्या, पृष्ठभागावर तो पदार्थ इलेक्ट्रॉन घेतो किंवा देतो आणि या देवघेवीतला विद्युतप्रवाह मोजून त्याचे प्रमाण काढता येते. अडचण असते ती पृष्ठभागाची. घन धातूवर आधीच्या विक्रियेचा थर साचून राहतो आणि तोच प्रयोग पुन्हा केला की उत्तर बदलते.

ही अडचण प्राग येथील यारोस्लाव्ह हेरॉव्हस्की यांनी दूर केली, तीही दुसऱ्याच प्रश्नाचा पाठपुरावा करताना. विद्युतदाबानुसार पाऱ्याचा पृष्ठताण कसा बदलतो हे थेंब तोलून पाहण्याचा विषय त्यांना बोहुमिल कुचेरा या प्राध्यापकांनी सुचवला होता. थेंब गोळा करून तोलण्याचे ते काम अतिशय किचकट असल्याने हेरॉव्हस्की यांनी मंडलात गॅल्व्हॅनोमीटर, म्हणजे सूक्ष्म प्रवाह मोजणारे उपकरण, जोडून प्रवाहच मोजायला घेतला, आणि १० फेब्रुवारी १९२२ रोजी विद्युतदाब व प्रवाह यांचा पहिला आलेख हाती आला. केसाएवढ्या बारीक छिद्राच्या काचनळीतून दर काही सेकंदांनी पाऱ्याचा थेंब गळतो, त्यामुळे विद्युतग्राचा पृष्ठभाग प्रत्येक वेळी कोरा मिळतो. शिवाय पाऱ्यावर हायड्रोजन वायू सहजासहजी सुटत नसल्याने जस्तासारख्या धातूंचे मापनही शक्य होते.

विद्युतदाब हळूहळू वाढवत नेला की प्रवाह आधी जेमतेम वाहतो, मग एका ठरावीक दाबाजवळ झपाट्याने चढतो आणि पुढे सपाट होतो. चढाचा मध्य पदार्थाची ओळख पटवतो, तर चढाची उंची त्याचे प्रमाण सांगते, कारण थेंबापर्यंत विसरणाने, म्हणजे दाट भागाकडून विरळ भागाकडे आपोआप सरकत, जितके आयन पोहोचतात तितकाच प्रवाह वाहू शकतो. पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात शिसे, कॅडमियम आणि जस्त एकत्र असले, तर नेहमीच्या कॅलोमेल संदर्भ विद्युतग्राच्या तुलनेत उणे ०.४, उणे ०.६ आणि उणे १.० व्होल्टच्या आसपास तीन पायऱ्या उमटतात, आणि त्या एकाच आलेखात वाचता येतात. मात्र द्रावणात विरघळलेला हवेतील ऑक्सिजन स्वतःच्या दोन पायऱ्या काढून सारा आलेख बिघडवतो, म्हणून मापनापूर्वी द्रावणातून नायट्रोजनचे बुडबुडे सोडून तो हाकलावा लागतो. हे बिंदुबिंदूंनी आलेख काढण्याचे काम १९२४ मध्ये हेरॉव्हस्की व त्यांचे जपानी सहकारी मासुझो शिकाता यांनी छायाचित्रण कागदावर आपोआप नोंद करणाऱ्या यंत्राकडे सोपवले. त्या यंत्राला पोलॅरोग्राफ हे नाव मिळाले, आणि या कार्यासाठी हेरॉव्हस्की यांना १९५९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

पिण्याच्या पाण्यातील शिशासाठी भारतीय मानकाने लिटरला ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा घातली आहे, आणि इतक्या अल्प प्रमाणाला जुना पोलॅरोग्राफ अपुरा पडतो. तेथे आधी काही मिनिटे शिसे विद्युतग्रावर साठवून घेतात आणि मग विद्युतदाब उलट दिशेने फिरवून ते एका झटक्यात पुन्हा द्रावणात उतरवतात, तेव्हा प्रवाहाचे ठळक शिखर मिळते. पारा विषारी असल्याने अलीकडे त्याच्या जागी बिस्मथचा पातळ थर वापरण्याकडे कल वाढला आहे, आणि तो योग्यच म्हटला पाहिजे.

घरोघरी पोहोचलेला ग्लुकोमीटर याच कुळातला आहे. अमेरिकेतील लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी १९६२ मध्ये विद्युतग्रावर विकर, म्हणजे जैव विक्रिया घडवून आणणारे प्रथिन, बसवण्याची कल्पना मांडली. आजच्या पट्टीवरील विकर रक्तातील ग्लुकोजचे इलेक्ट्रॉन काढून मध्यस्थ रसायनाकडे देते, ते विद्युतग्राकडे पोहोचतात आणि प्रवाहावरून साखरेचा आकडा पडद्यावर येतो. विकर ग्लुकोज निवडून घेते खरे, पण ते रक्तातले की बोटावर चिकटलेल्या आंब्याच्या रसातले, हा भेद त्याला करता येत नाही. फळ चिरून हात न धुता बोट टोचल्यास आकडा फुगलेला दिसतो, म्हणून तपासणीपूर्वी हात साबणपाण्याने धुऊन कोरडे करावे लागतात.