विजयाची योजना कोणती?

१९६८ च्या मार्च महिन्याच्या पहिल्या तारखेस क्लार्क क्लिफर्ड या वकिलानें अमेरिकेच्या संरक्षणमंत्रिपदाचीं सूत्रें हातीं घेतलीं, तेव्हां व्हिएतनाममध्यें सुमारें पांच लक्ष अमेरिकन सैनिक होते. महिन्यापूर्वींच, तेट या नववर्षाच्या सणांत, कम्युनिस्ट सैन्यानें दक्षिणेंतील शंभरांहून अधिक शहरांवर व गांवांवर हल्ले चढविले होते. सायगांवमधील अमेरिकन वकिलातीच्या आवारांतहि हल्लेखोर शिरले होते. हल्ले परतविले गेले, हल्लेखोरांची हानि जबर झाली, आणि शुद्ध लष्करी हिशेबानें पाहतां हा अमेरिकेचाच जय होता. पण विजय जवळ आल्याचें जें आश्वासन थोड्याच महिन्यांपूर्वीं अमेरिकन जनतेस देण्यांत आलें होतें, त्यावरील विश्वास या जयानेंच उडविला.

अशा वेळीं सायगांवहून परतलेल्या जनरल व्हीलर यांनीं आणखी २,०६,००० सैनिकांची मागणी पुढें ठेवली. अध्यक्ष जॉन्सन यांनीं क्लिफर्ड यांजकडे काम सोंपविलें तें ही मागणी पुरवावयाची कशी, एवढेंच पाहण्याचें. पुरवावी कीं नाहीं, हा प्रश्न त्यांस विचारलेलाच नव्हता. क्लिफर्ड हे कांहीं शांततावादी नव्हते. युद्धाचे पुरस्कर्ते म्हणूनच त्यांची ख्याति होती. तथापि एक शल्य त्यांच्या मनांत पूर्वींपासून होतें. १९६७ च्या उन्हाळ्यांत जनरल टेलर यांजसह ते व्हिएतनामच्या आसपासच्या मित्रराष्ट्रांकडे अधिक सैन्य मागावयास गेले होते. व्हिएतनाम पडलें तर पाठोपाठ हीं राष्ट्रें पडतील, असें अमेरिका सांगत होती. पण ज्यांच्या घराला आग लागेल म्हणून दुसऱ्यानें बंब घेऊन धांवावें, ते घरधनी बादलीभर पाणी द्यावयासहि फारसे उत्सुक नव्हते! दुसऱ्या महायुद्धांत लाखों सैनिक परदेशीं धाडणाऱ्या ऑस्ट्रेलियाचे व्हिएतनाममध्यें कांहीं हजारच सैनिक होते.

क्लिफर्ड यांनीं पेंटॅगॉनमध्यें सेनाधिकाऱ्यांस समोर बसविलें आणि साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तसे प्रश्न विचारले. एवढे सैनिक दिले तर पुरतील काय? खात्री देतां येत नाहीं. न पुरल्यास आणखी किती लागतील? सांगतां येत नाहीं. शत्रूहि आपल्या सैन्यांत भर घालूं शकेल काय? शकेल, आणि बहुधा घालील. बॉम्बवर्षावानें युद्ध थांबेल काय? त्या एकट्यानें नाहीं. मग विजयाची योजना कोणती? तशी योजनाच नव्हती. उत्तरेवर स्वारी करावयाची नाहीं, लाओस व कंबोडियांत शत्रूचा पाठलाग करावयाचा नाहीं, अशीं बंधनें खुद्द अध्यक्षांनीं घातलीं होतीं. त्यांत राहून शत्रूला थकवीत राहावें, म्हणजे केव्हां तरी तो हात टेकील, ही आशाच योजनेच्या जागीं बसली होती. सेनानींस दोष देणें सोपें आहे; पण ज्या कामाचें साध्यच राज्यकर्त्यांनीं स्पष्ट केलें नव्हतें, त्याचा आराखडा त्यांनीं तरी कोठून आणावा?

१० मार्च रोजीं 'न्यूयॉर्क टाइम्स'नें मागणीचा आकडा छापला. दोनच दिवसांनीं न्यू हॅम्पशायरमधील पक्षांतर्गत निवडणुकींत युद्धविरोधी मॅकार्थी यांस सुमारें ४२ टक्के मतें पडलीं. डीन ॲचिसन आदि ज्या बुजुर्ग सल्लागारांनीं नोव्हेंबरांत युद्धास पाठिंबा दिला होता, त्यांतील बहुतेकांनीं मार्चअखेर मत फिरविलें. ३१ मार्चच्या रात्रीं जॉन्सन यांनीं उत्तरेच्या बऱ्याच मोठ्या भागावरील बॉम्बवर्षाव थांबविल्याचें आणि स्वतः पुन्हां निवडणुकीस उभे न राहण्याचें जाहीर केलें. दोन लक्षांची मागणी बारगळली.

नवे अध्यक्ष निक्सन यांनीं ८ जून १९६९ रोजीं मिडवे बेटावर पहिले २५,००० सैनिक परत आणण्याची घोषणा केली. पण शेवटचे लढाऊ सैनिक निघावयास १९७३ चा मार्च उजाडला. विजयाची योजना नाहीं हें क्लिफर्ड यांस कळून तेव्हां पांच वर्षें लोटलीं होतीं. त्यांपैकीं १९६९ पासूनच्या काळांत २०,००० हून अधिक अमेरिकन सैनिक मरण पावले. या युद्धांतील व्हिएतनामी मृतांची गणती तर लाखांनींच करावी लागते.