तौबा केली, पण हात थरथरतात त्याचं काय?



विषय दिलाय 'निवासी व्यसनमुक्ती केंद्रातील उपचारपद्धती'. ऐकायला डॉक्टरी वाटतो, म्हणून मी मोहल्ल्यातूनच सुरुवात करते.

दारू हराम आहे, तेव्हा आपल्यात दारूचा प्रश्न नाही, असं एक समाधान आपण बाळगून असतो. परिणाम इतकाच होतो की पिणारा लपून पितो आणि घर त्याला लपवतं. जो दारू पीत नाही तो गोळ्या खातो. मालेगावात जिला 'कुत्ता गोली' म्हणतात ती अल्प्राझोलाम, चिंतेवर देतात ती गोळी. तोंडाला वास येत नाही. आई समाधानाने सांगते, 'माझा पोरगा शराबला हात लावत नाही.'

मग रमजानचा चाँद दिसतो. वर्षानुवर्षं रोज पिणारा माणूस मनापासून तौबा करतो आणि एका रात्रीत दारू बंद करतो. दुसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं बोलताना ऐकू येतात, दिवस की रात्र कळत नाही. घरचे म्हणतात, 'असर झाला', आणि त्याला झाडफूक करणाऱ्याकडे नेतात. हा जिन नव्हे. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, आणि उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावू शकतो. दारू मेंदूला मंद करते, म्हणून रोजच्या दारूत मेंदू उलट दिशेने जोर लावायला शिकतो. दारू अचानक गेली तरी तो जोर तसाच राहतो. त्याची तौबा खोटी नव्हती, तिच्यासोबत डॉक्टर हवा होता.

म्हणून चांगल्या केंद्रात सुरुवातीचे दिवस उपदेशाचे नसतात. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारखं औषध देतात आणि ते रोज थोडं कमी करत नेतात. सोबत थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, जेवण आणि झोप. गोळ्यांचं व्यसन असेल तर तीही एकदम तोडत नाहीत, कधी कधी कित्येक आठवडे लागतात.

शरीर सावरलं की बोलणं सुरू होतं. विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये एक पद्धत मांडली. तिच्यात समुपदेशक वाद घालत नाही. उलट विचारतो, 'दारूनं तुम्हाला काय दिलं?' हा प्रश्न ऐकून बायकोला संताप येतो, आणि तो समजण्यासारखा आहे. पण ज्याला आजवर फक्त शिव्या मिळाल्या तो इथे पहिल्यांदा खरं बोलतो, आणि बोलता बोलता काय गमावलं तेही सांगू लागतो. (जाता जाता, दारूबंदीचा हुकूम टप्प्याटप्प्याने आला हे आपले मौलानाच सांगतात. घरातल्या माणसाला मात्र आपण एक रात्र देतो.)

दुसरी पद्धत अल्बर्ट एलिस यांची, कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत आणलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती. तिचा आपल्याशी संबंध फार जवळचा आहे. महिनाभर कोरडा राहिलेला माणूस एका लग्नात एक पेग घेतो. लगेच मनात येतं, 'गेलं सगळं, मी आता जहन्नमीच, मग बाटलीच संपवू.' एका पेगनं केलं नसतं तेवढं नुकसान हा विचार करतो. केंद्रात तो विचार कागदावर लिहायला लावतात आणि तपासायला शिकवतात: एकदा घसरलो म्हणजे कायमचा संपलो, हे कशावरून? पाप-पुण्याचा हिशेब ज्याचा त्याने आपल्या रबशी करावा. पण 'तू जहन्नमी' हे वाक्य रोज ऐकवून कोणाची दारू सुटलेली मला माहीत नाही.

गटात बसणं हे तिसरं. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसचा तो गाभा. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी उभ्या केलेल्या मुक्तांगणातही समूहोपचाराला मोठी जागा आहे. आपल्यासारखाच दुसरा कोणी आहे, हे लपून पिणाऱ्याला तिथेच कळतं.

आता घरच्यांविषयी. 'पेशंटला न कळत दारू सोडवा' अशा जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. डायसल्फिराम हे औषध रुग्णाच्या संमतीने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायचं असतं. सालनात गुपचूप कालवलं आणि तो वरून प्यायला तर रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. बहिणींनो, हे कृपा करून करू नका.

आणि साखळ्या. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडी इथे दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली. साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. याउलट गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यावर 'दवा-दुआ' हा उपक्रम झाला. मुजावर दुआही करतात आणि डॉक्टरांकडेही पाठवतात. श्रद्धेची टिंगल न करता उपचार होतात, ते असे.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मानसिक आजारही येतात. साखळीने बांधणं, सक्तीने डोकं भादरणं, एकांतात कोंडणं याला हा कायदा मनाई करतो. तेव्हा गाडी पाठवून माणूस उचलून नेणाऱ्या केंद्राला पैसे देण्याआधी विचारा: मानसोपचारतज्ज्ञ कोण, रात्री फिट आली तर कोण बघणार, आम्हाला भेटू देणार का, आणि बाहेर आल्यावर पाठपुरावा कसा करणार. उत्तर टाळलं तर तिथून उठा.

कार्यकर्त्यांकडून मला एकच काम हवंय. पुढच्या रमजानच्या पंधरा दिवस आधी आपापल्या भागातल्या इमामांना आणि फॅमिली डॉक्टरांना भेटा. मशिदीतून एवढीच सूचना जाऊ द्या की रोज पिणाऱ्याने किंवा गोळ्या खाणाऱ्याने बंद करण्याआधी डॉक्टरांना दाखवावं. फलकावर सरकारी मोफत मदतक्रमांक लिहा: नशामुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६. नाव सांगायला लाजणारा माणूस निदान फोन तरी करील. कोण कोणत्या मशिदीत जाणार, ते आज निघण्याआधी ठरवूया.