व्याज किती, आणि खातं कुणाचं?

(बचत गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी सल्ला-केंद्रात काम करते. मारहाण, पोटगी, मुलांचा ताबा असे प्रश्न घेऊन बायका येतात. त्यांच्याशी बोलताना आणि वस्तीतल्या बैठकांतही हल्ली एक प्रश्न हटकून निघतो, "ताई, कुठल्या बँकेत खातं काढू? व्याज कुठे जास्त मिळेल?" हा प्रश्न किरकोळ नाही. ज्या बाईने आजवर पैसे तांदळाच्या डब्यात लपवले, ती आज व्याजाचा दर विचारते आहे. म्हणून त्याचं उत्तर नीट दिलं पाहिजे.

आधी व्याजाचं बघू. चालू खात्यावर व्याज मिळत नाही, ते व्यापाऱ्यांसाठी असतं. आपल्यासाठी बचत खातं. या खात्यावरचा दर पूर्वी रिझर्व्ह बँक ठरवून देई. ऑक्टोबर २०११ पासून तो ठरवायची मुभा बँकांना मिळाली. त्यामुळे आज मोठ्या सरकारी बँका अडीच टक्क्यांच्या आसपास देतात, पोस्टाचं बचत खातं ४ टक्के देतं, आणि काही स्मॉल फायनान्स बँका सहा-सात टक्क्यांची जाहिरात करतात. मात्र ही जाहिरात वाचताना बारीक अक्षरं वाचायची. १ लाखापर्यंतच्या शिलकेवर एका बँकेला सगळ्यांना एकच दर द्यावा लागतो. त्यावरच्या रकमेला वेगळा दर देता येतो. फलकावरचा मोठा आकडा बहुधा या वरच्या रकमेचा असतो. आपल्या खात्यात आठ-दहा हजार असतील, तर तो आकडा आपला नव्हेच.

आता हिशेब करू. घरकाम करणाऱ्या एका बाईच्या खात्यात वर्षभर सरासरी ८,००० रुपये राहतात. अडीच टक्क्यांनी तिला वर्षाला २०० रुपये मिळतील, ४ टक्क्यांनी ३२०. फरक १२० रुपयांचा, म्हणजे महिन्याला दहा. किमान शिल्लक नाही म्हणून एकदा जरी शंभर-सव्वाशे कापले, तरी वर्षाची जादा कमाई संपली. कार्डाचा वार्षिक आकार आणि एसएमएसचे पैसे वेगळेच. २०२४ मध्ये राज्य सरकारच्या योजनेचे १,५०० रुपये बायकांच्या खात्यात यायला लागले, तेव्हा आमच्या वस्तीतल्या एकीच्या हातात पूर्ण रक्कम पडलीच नाही. जुन्या खात्यावरचा दंड बँकेने आधी वळता करून घेतला होता.

तेव्हा पहिला प्रश्न व्याजाचा न विचारता कपातीचा विचारा. किमान शिल्लक न ठेवता चालणारं मूलभूत बचत खातं द्यायला बँक बांधील आहे. २०१४ साली सुरू झालेली जनधन खाती याच प्रकारची. इतर खात्यांनाही नियम आहे. शिल्लक कमी झाली तर बँकेने आधी कळवायचं, महिन्याची मुदत द्यायची, आणि दंडापायी खातं उणे करायचं नाही. २०१५ पासून हा नियम लागू आहे. शाखेत तो ठामपणे सांगा.

पोस्टाचीही एक खुबी लक्षात ठेवा. तिथे महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकेवर व्याज धरतात. पैसे १० तारखेच्या आत भरले आणि महिनाअखेरपर्यंत काढले नाहीत, तरच त्या महिन्याचं पूर्ण व्याज. बँकांत मात्र २०१० पासून रोजच्या शिलकेवर व्याज मोजलं जातं.

दुसरा प्रश्न सुरक्षिततेचा. बँक बुडाली तर एका बँकेतल्या एका ठेवीदाराला व्याजासकट ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. २०२० पूर्वी ही मर्यादा १ लाख होती. सहकारी बँकांनाही हा विमा लागू होतो, पण पतसंस्थांना नाही. पतसंस्थेचा एजंट दारात येतो, ओळखीचा असतो, दर चढा सांगतो. त्याला चहा द्या, पण गटाची सगळी पुंजी देऊ नका. २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. ती तर बँक होती!

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. खातं चालवतं कोण? पासबुकावर नाव बाईचं, पण मोबाइल नंबर नवऱ्याचा, कार्ड सासूच्या कपाटात आणि पिन दिराला पाठ. अशा खात्यावर सात टक्के मिळाले काय आणि दोन टक्के मिळाले काय, तिला त्याचा उपयोग शून्य. खातं शक्यतो एकटीच्या नावे काढा. संयुक्त खातं असेल, तर पैसे कुणाच्या सहीने निघतात ते फॉर्मवर वाचा. 'दोघांपैकी कुणीही' असं लिहिलेलं असेल, तर तो एकटा सगळं काढू शकतो. वारस म्हणून कुणाचं नाव लावलंय, तेही तपासा. लग्नानंतर ते बदलता येतं, आणि नवरा सोडून गेल्यावरही.

हिंसा सुरू असेल, तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आठवा. बाईचे पैसे अडवून धरणं ही त्या कायद्यात आर्थिक हिंसा आहे. संयुक्त खातं किंवा लॉकर नवऱ्याने परस्पर वापरू नये, असा मनाई आदेश न्यायालय देऊ शकतं. खातं रिकामं व्हायच्या आत अर्ज करावा लागतो, एवढंच.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपलं पासबुक भरून आणायचं. वर्षभरात व्याज किती जमा झालं आणि कपात किती झाली, हे दोन आकडे वहीत मांडायचे. नोंदवलेला मोबाइल नंबर कुणाचा, तेही लिहायचं. जिथे कपात जास्त निघेल तिथे चौघी-पाचजणी मिळून शाखेत जाऊ आणि लेखी अर्ज देऊन पोच घेऊ. उत्तर समाधानकारक नसेल किंवा ३० दिवसांत आलंच नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, आणि तिला पैसे पडत नाहीत. एकट्या बाईला खिडकीवरून परत पाठवतात, पाचजणींना तसं सहजी पाठवता येत नाही.