हरलेल्या संघाचा चाहता
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, करिअरवर दहा मिनिटं बोल." पण करिअरवर बोलणारे आज पुष्कळ आहेत. मी क्रिकेटवर बोलणार आहे, आणि तेही हरलेल्या सामन्यावर. गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर धावफलक कोण लिहायचं, हे आमच्या वर्गातल्या अनेकांना आठवत असेल. मैदान मुलांचं असायचं. आम्ही मुली व्हरांड्यातून बघायचो. आमच्या वाट्याला लंगडी, खो-खो आणि स्नेहसंमेलनातली संगीतखुर्ची.

म्हणून २३ जुलै २०१७ हा दिवस माझ्यासाठी साधा रविवार नव्हता. लॉर्ड्सवर महिला विश्वचषकाचा अंतिम सामना, समोर इंग्लंड. तीनच दिवस आधी उपांत्य सामन्यात हरमनप्रीत कौरने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १७१ धावा ठोकल्या होत्या. अंतिम सामन्यात झुलन गोस्वामीने २३ धावांत ३ बळी घेतले आणि इंग्लंडला २२८ वर रोखलं. आपली सांगलीची स्मृती मानधना शून्यावर गेली, पण मुंबईची पूनम राऊत पाय रोवून उभी राहिली. आपण ३ बाद १९१ वर होतो. ३८ धावा हव्या होत्या, सात षटकांहून थोडे जास्त चेंडू शिल्लक होते आणि सात गडी हातात होते. गल्लीतल्या पोरांनीही हा सामना काढला असता, असं वाटण्याची ती वेळ.

आणि मग पूनम ८६ वर पायचीत झाली. अन्या श्रबसोलने १९ चेंडूंत पाच बळी घेतले. २८ धावांत आपले सात गडी गेले. २१९ सर्वबाद, ९ धावांनी पराभव. त्यातही आठ चेंडू शिल्लक होते, हे जास्त लागलं.

खरा चाहता हरल्यावर काय करतो, ते तुम्हाला ठाऊक आहे. आधी देवावर रुसतो. मग आपण जागा बदलली म्हणून विकेट पडली, असं गणित मांडतो. मग "मी म्हटलंच होतं" म्हणणाऱ्यांशी भांडतो. मी टीव्ही बंद केला नाही. बक्षीस समारंभ संपेपर्यंत बघत बसले. मिताली राजचा चेहरा बघवत नव्हता, पण जिंकल्यावर जिचं कौतुक करायला आपण बसणार होतो, तिच्याकडे हरल्यावर पाठ कशी फिरवायची?

दुसऱ्या दिवशी कामावर एकाने सहज म्हटलं, "शेवटी बायकांना प्रेशर झेपत नाही हो." सामन्यापेक्षा हे वाक्य जास्त दिवस राहिलं. कारण त्याच्या साधारण महिनाभर आधी, १८ जून २०१७ ला, पुरुषांचा संघ चॅम्पियन्स ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानकडून १८० धावांनी हरला होता. तेव्हा "पुरुषांना प्रेशर झेपत नाही" असं कुणी म्हटल्याचं माझ्या कानावर आलं नाही. तो अकरा जणांचा पराभव होता. हा मात्र सगळ्या बायकांचा झाला. मुलींच्या संघाचं चाहतेपण असं महाग असतं. एक सामना हरला की शाळेच्या मैदानावर उतरू पाहणाऱ्या प्रत्येक पोरीच्या नावावर तो लिहिला जातो.

आमच्या धंद्यात रात्री-अपरात्री सर्व्हर कोसळतो. तेव्हा एक शिस्त पाळावी लागते. "कुणी केलं?" हे आधी विचारायचं नाही. "काय झालं आणि का झालं?" हे विचारायचं. कारण माणूस शोधायला गेलं की लोक माहिती लपवतात आणि बिघाड तसाच राहतो. लॉर्ड्सच्या पराभवाला हाच प्रश्न विचारून बघा. इंग्लंडच्या मुलींना २०१६ पासून घरचीच लीग होती. असे अटीतटीचे शेवट खेळायची संधी त्यांना तिथे होती. आपल्याकडच्या हरमनप्रीत आणि स्मृती तेवढ्या ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये खेळून आल्या होत्या. आपली महिला प्रीमियर लीग सुरू व्हायला २०२३ उजाडलं. बीसीसीआयने महिला क्रिकेट आपल्या छत्राखाली घेतलं तेच मुळी २००६ मध्ये. म्हणजे कमी पडला तो सराव, आणि सराव देता येतो. "बायकांना झेपत नाही" म्हणणाऱ्याला हे दिसत नाही, कारण त्याने कारण शोधायच्या आधीच माणूस शोधलेला असतो.

जालनेकरांना हरण्याचं दुःख वेगळं सांगायला नको. आपल्या जालन्याचा विजय झोल २०१४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात भारताचा कर्णधार होता. दुबईत उपांत्यपूर्व फेरीत आपण हरलो. समोर पुन्हा इंग्लंडच! तीन गडी राखून त्यांनी सामना नेला, आणि तोही शेवटच्या षटकात. पण त्या हरलेल्या संघात कोण होतं बघा : संजू सॅमसन, श्रेयस अय्यर, कुलदीप यादव. त्या संध्याकाळी कुणी त्यांना "संपले" म्हटलं असतं, तर तो किती मोठा अडाणीपणा ठरला असता!

आता मूळ मुद्द्यावर येते. आज या मांडवात आपण बरेच जण आहोत. डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत, बियाण्यांच्या आणि सळईच्या व्यवसायातले आहेत, पुण्या-मुंबईहून रात्रीच्या गाडीने आलेले आहेत. पण मी मघापासून चेहरे मोजते आहे. दहावीला जे नापास झाले, त्यातले किती जण आलेत? आपल्या वेळी निकालाच्या दिवशी पेपरात नंबर शोधायचे. ज्यांचा सापडला नाही, ते दुसऱ्या दिवशी आपल्या रस्त्यावर दिसेनासे झाले. कुणी शेतात गेलं, कुणी दुकानावर बसलं, काही मैत्रिणींची त्याच उन्हाळ्यात लग्नं लागली. शाळेने त्यांना काढलं नव्हतं. आपणच त्यांच्याकडे जाणं सोडलं. एका दिवसाचा धावफलक बघून आपण त्यांच्या नावापुढे कायमचं "बाद" लिहून टाकलं.

लॉर्ड्सनंतरही त्या संघाच्या वाट्याला सरळ रस्ता आला नाही. २०२० मध्ये मेलबर्नला टी-ट्वेंटीच्या अंतिम सामन्यात ८५ धावांनी हरलो. २०२५ चा विश्वचषक आपल्या देशात होता, तिथेही साखळीत सलग तीन सामने हरलो. इंग्लंडविरुद्ध इंदूरला तर चारच धावांनी. मग उपांत्य सामन्यात जेमिमा रॉड्रिग्सने नाबाद १२७ धावा काढल्या आणि ऑस्ट्रेलियाला घरी पाठवलं. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून चषक आपला झाला. मध्यरात्र उलटली होती.

त्या रात्री जिंकलेल्या मुलींनी एक गोष्ट केली. मिताली राज, झुलन गोस्वामी आणि अंजुम चोप्रा यांना त्यांनी मैदानात बोलावलं आणि चषक त्यांच्या हातात दिला. मिताली आणि झुलन २००५ चाही अंतिम सामना हरल्या होत्या आणि २०१७ चाही. त्यांच्या हातात कधीच न आलेली ती वस्तू पुढच्या पिढीने आपणहून नेऊन दिली. जिंकण्याहून मला तेच मोठं वाटतं.

आपल्यालाही ते जमेल. माझ्या दोन सूचना आहेत, गुरुजनांनी आणि संयोजकांनी विचार करावा. पहिली : आपल्या बॅचची हजेरीपटावरची पूर्ण यादी काढू या. पुढच्या मेळाव्याआधी प्रत्येकाने आज न आलेल्या एका तरी वर्गमित्राच्या किंवा मैत्रिणीच्या घरी जायचं. फोन नाही, घरी. चहा प्यायचा आणि दहावीचा विषय काढायचा नाही. दुसरी : माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून मुलींसाठी क्रिकेटचं एक पूर्ण किट घेऊ या, आणि आठवड्यातले दोन दिवस शाळेचं मैदान फक्त त्यांचं ठेवू या. बघायला हरकत नाही, मुलांनी व्हरांड्यातून बघावं.

त्या मुली पहिले काही सामने हरतीलच. तेव्हा टाळ्या वाजवायला मात्र आपण सगळे यायचं.