क्लिओपात्राशी घासाघीस आणि मावसभावाची उधारी

इअरफोन लावलेत ना? आजचा विषय जरा हटके आहे. स्ट्रॅटेजी गेममध्ये समोर कॉम्प्युटर बसलेला असतो, कधी क्लिओपात्रा बनून, कधी गांधीजी बनून. त्याच्याशी सौदा कसा करायचा? शेवटी एक किस्सापण आहे, त्यात मी चांगलाच तोंडावर आपटलोय. तो ऐकल्याशिवाय जाऊ नका.

गेम कुठला? सिव्हिलायझेशन. पहिला भाग 1991 चा, सिड मायर यांचा. मी बोलतोय सहाव्या भागाबद्दल. तो 2016 मध्ये पीसीवर आला, नंतर फोनवरही आला. माझे अर्धे सौदे लोकलमध्ये उभं राहून झालेत.

पहिली गोष्ट, ओळख. नवीन राजा भेटला की त्याच टर्नला शिष्टमंडळ पाठवायचं. 25 सोनं लागतं. कंजुषी करू नका. उशीर केला आणि तोवर त्याचं तुमच्याबद्दलचं मत बिघडलं, तर तो ते परत पाठवतो. पाहुण्याकडे पहिल्यांदा जाताना पेढे नेतो ना, तसंच समजा.

दुसरी गोष्ट, समोरच्याला काय आवडतं ते बघा. या गेममध्ये प्रत्येक नेत्याचा एक अजेंडा असतो. क्लिओपात्राला तगडं सैन्य असलेले लोक आवडतात, दुबळ्यांकडे ती तुच्छतेने बघते. म्हणजे तिच्याशी बोलायच्या आधी चार पलटणी उभ्या करा, मग भाव आपोआप सुधारतो. शिवाय प्रत्येकाचा एक छुपा अजेंडा असतो, तो हळूहळू कळतो.

आता तुम्ही म्हणाल, गांधीजींचं काय? ते अणुबॉम्ब टाकतात म्हणे! ही गोष्ट तुम्ही नक्की ऐकली असेल, की 1991 च्या गेममध्ये बग होता, त्यांची आक्रमकता शून्याच्या खाली गेली आणि थेट 255 झाली. पण मंडळी, असा बग नव्हताच. खुद्द सिड मायर यांनी 2020 च्या आपल्या आत्मचरित्रात हे सांगितलंय. खरं काय ते ऐका. 2010 च्या पाचव्या भागात गांधीजींचा अण्वस्त्र वापरायचा आकडा मुद्दाम, गंमत म्हणून, 12 ठेवला होता. बाकीच्यांची पट्टी 10 पर्यंतची!

तिसरी गोष्ट, प्रत्यक्ष सौदा. रेशीम, चहा, मीठ, हस्तिदंत अशा चैनीच्या वस्तूंचा दुसरा नग तुमच्या प्रजेला काही जास्तीचं सुख देत नाही. मग तो विकून टाका. पण एकालाच विचारून थांबू नका. ज्याच्याकडे ती वस्तू नाही, तो जास्त देतो. मंडईत आपण चार गाळे फिरतोच की! अजून काय घातलं तर सौदा जमेल, हे विचारायचं बटणही आहे. ते दाबा, पण पहिलं उत्तर लगेच मान्य करू नका. पाच सोनं वाढवून बघा, परत पाच वाढवा. कॉम्प्युटर कंटाळत नाही, रागावत नाही. नाही म्हणाला, तर आकडा कमी करून परत विचारा.

आणि इथेच वाईट सवय लागते.

एक जुनी युक्ती आहे. वस्तू ठरावीक टर्नसाठी विकायची, सगळं सोनं एकरकमी घ्यायचं आणि पुढच्या टर्नला युद्ध पुकारायचं. सौदा रद्द होतो, सोनं मात्र आपल्याकडेच राहतं. पाचव्या भागात लोकांनी हे इतकं केलं, की 2013 च्या ब्रेव्ह न्यू वर्ल्डमध्ये नियमच बदलला. अधिकृत मैत्री असेल तरच एकरकमी सोनं, नाहीतर दर टर्नला हप्ता. सहाव्या भागात एकरकमी परत आलं. 2019 च्या गॅदरिंग स्टॉर्मपासून कुरापत काढली की तुमच्या नावावर तक्रारींचा आकडा चढतो. पण तो आकडा स्क्रीनवर दिसतो आणि काळ गेला की उतरतो. म्हणजे किती टर्न कळ काढायची, याचा हिशोब मांडता येतो. मी तो कायम मांडायचो.

आता किस्सा. माझा मावसभाऊ नागपूरला असतो, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. आम्ही ऑनलाइन खेळायला लागलो. एका रात्री मी त्याला रेशीम विकलं, 30 टर्नसाठी. त्याने साठवलेलं 300 सोनं एका झटक्यात दिलं. पुढच्याच टर्नला मी युद्ध पुकारलं. मला वाटलं, हसेल, चार शिव्या घालेल. तो काहीच बोलला नाही. गेममधून बाहेर पडला.

नंतर दोन महिने खेळ बंद. फॅमिली ग्रुपवर माझ्या मेसेजला नुसता अंगठा. शेवटी मी फोन केला. तो म्हणाला, "दादा, तू माझ्याशी कॉम्प्युटरशी खेळतो तसा खेळलास."

मला उत्तर सुचलं नाही. कॉम्प्युटरच्या बाबतीत किती आकडा चढला ते मला दिसत होतं. याच्या बाबतीत कुठे काही दिसत नव्हतं, आणि मी दोन महिने ते आपोआप उतरायची वाट बघत बसलो होतो. मी सरळ माफी मागितली. "सॉरी रे, चुकलंच" एवढंच म्हणालो.

आता आम्ही परत खेळतो, दर शनिवारी. पण तो मला एकरकमी सोनं देत नाही. दर टर्नला हप्ता, बास. 2013 चा नियम त्याने एकट्याने माझ्यावर लावलाय, आणि मी गुपचूप मान्य केलाय.

तर मंडळी, कॉम्प्युटरशी बिनधास्त घासाघीस करा. माणसाशीही करा, पण रेशीम पोचवा. भेटू पुढच्या भागात!