थायरॉइडची गोळी आणि आतड्याची तक्रार



औषधांच्या दुष्परिणामांची जी दफ्तरे निरनिराळ्या देशांनी ठेवलेली आहेत, त्यांत थायरॉइडच्या गोळीच्या नावापुढे आतड्यातील जंतुसंसर्गाच्या नोंदीही आढळतात. आणि अशी नोंद ज्याच्या कानी येते त्याला, आपण रोज सकाळी अनशापोटी घेतो ती एवढीशी गोळीच आपल्या पोटात उत्पात माजवीत नाही ना, अशी शंका आल्यावाचून राहत नाही. शंका रास्त आहे. परंतु तिचा फैसला करण्यापूर्वी ही दफ्तरे कशी भरली जातात, हे पाहणे अगत्याचे आहे.

1961 साली थॅलिडोमाइड या औषधाने गर्भातील बालकांच्या अवयवांचा केलेला विध्वंस जगापुढे आला, आणि बाजारात आलेल्या औषधावरही पुढे कायम नजर ठेवली पाहिजे, हा धडा अनेक सरकारांनी घेतला. त्यातूनच 1968 साली जागतिक आरोग्य संघटनेने अशा तक्रारी एकत्र करण्याचा उपक्रम हाती घेतला. त्याचे कामकाज आज स्वीडनमधील उप्साला येथून चालते, आणि आपल्या देशातील नोंदी गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगाकडे जमा होतात. वैद्य, परिचारिका, औषधविक्रेता, किंबहुना खुद्द रुग्णही तेथे तक्रार गुदरू शकतो. मात्र त्या कागदावर लिहिलेले असते ते इतकेच की, अमुक इसम अमुक औषध घेत होता आणि त्या काळात त्याला अमुक विकार झाला. औषधामुळेच तो झाला, असे तो कागद म्हणत नाही. तक्रार दाखल होणे निराळे आणि गुन्हा शाबीत होणे निराळे.

या प्रकरणी तर हा विवेक विशेषच राखावा लागतो. मुंबई आणि गोवा धरून देशातील आठ शहरांत केलेल्या आणि 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, प्रौढांपैकी सुमारे 11 टक्के लोकांत थायरॉइड ग्रंथीची मंदता आढळून आली. ज्या व्याधीचा प्रसार इतका व्यापक, तिच्या गोळ्या घेणाऱ्यांची संख्याही अफाट. आणि पावसाळ्यात गढूळ पाण्यापायी घरोघर जुलाब-उलट्यांची साथ चालू असताना त्यांतील हजारो लोक गोळीशी काडीचाही संबंध नसताना आजारी पडणारच. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, तसा हा योग असतो. तो नुसता योग आहे की कार्यकारणभाव, हे ठरवायचे तर गोळी घेणारे आणि न घेणारे अशा वयाने व परिस्थितीने सारख्या असलेल्या दोन समूहांची तुलना करावी लागते. एकाच्या पोटदुखीवरून, मग ती कितीही खरी असो, ते ठरत नाही.

आता त्या गोळीतील द्रव्याचाच विचार करू. 1891 साली न्यूकॅसलचे डॉक्टर जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून ग्रंथिमंदतेने पीडलेल्या एका स्त्रीला बरे केले, आणि 1914 साली अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी थायरॉक्सिन शुद्ध स्वरूपात वेगळे काढले. आजच्या गोळीत असते ते हेच थायरॉक्सिन, म्हणजे निरोगी देह जे स्वतः निर्माण करतो तेच. जंतूंशी झुंजण्याची शरीराची शक्ती योग्य मात्रेत ते खच्ची करीत नाही. मात्रा अधिक झाली तर मात्र आतड्याची गती वाढते, वारंवार शौचास होते, छातीत धडधडते, हात कापतात, वजन उतरते. आणि यांतील पोटाच्या लक्षणांनाच रुग्ण जंतुसंसर्ग समजून बसतो. उलटपक्षी, ग्रंथी मंद असली म्हणजे आतडेही मंदावते आणि तेथे जंतू साचण्यास वाव मिळतो. इटलीत 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा विकाराचा पूर्वेतिहास असलेल्या 50 जणांपैकी 27 जणांच्या लहान आतड्यात जंतूंची अतिवाढ आढळली, तर निरोगी 40 जणांत ती केवळ दोघांत होती. पुढे 2017 साली जर्मन संशोधकांना गोळी घेणाऱ्यांतही हाच संबंध दिसला. परंतु गोळी घेणारा तोच, ज्याची ग्रंथी मंद आहे, त्यामुळे दोष व्याधीचा की उपचाराचा, हे वेगळे काढणे दुर्घट होते.

किंबहुना पुष्कळदा कारण आणि कार्य यांची अदलाबदलच झालेली असते. थायरॉक्सिन लहान आतड्यात शोषले जाते, आणि तेही गोळीतल्या मात्रेच्या 60 ते 80 टक्केच. जठरात हेलिकोबॅक्टर हा जंतू ठाण मांडून बसला, आतड्यात जिआर्डिया हा परजीवी शिरला, किंवा गव्हातील ग्लूटेन न सोसण्याचा सिलिॲक विकार असला, तर हे शोषण घटते. रक्ततपासणीत टीएसएच, म्हणजे थायरॉइड ग्रंथीला चालना देणारे संप्रेरक, वाढलेले दिसते, मात्रा वाढवली जाते, आणि पोट बरे झाल्यावर तीच वाढीव मात्रा त्रासदायक ठरते. म्हणून स्थिर असलेली मात्रा एकाएकी अपुरी पडू लागली, तर गोळीआधी पोटाची चौकशी व्हावी.

एका बाबतीत मात्र ढिलाई नको. ‘थायरॉइडची गोळी’ या एकाच नावाखाली परस्परविरुद्ध कार्ये करणारी औषधे वावरतात. ग्रंथी अतिचपल झाल्यावर दिली जाणारी कार्बिमॅझोलसारखी औषधे शेकडा एकाहूनही कमी रुग्णांत, पण खरोखरच, रक्तातील पांढऱ्या पेशींचा ऱ्हास घडवतात, आणि मग साधा जंतूही जिवावर बेततो. हे औषध घेणाऱ्यास ताप आला, घसा दुखू लागला वा तोंड आले, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन पेशींची तपासणी करून घ्यावी.

थायरॉक्सिन घेणाऱ्याने मात्र जुलाब लागले म्हणून आपल्या मनाने औषध बंद करू नये. ते शरीरात दीर्घकाळ टिकते, त्याचे प्रमाण निम्म्यावर येण्यास सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे एखादा दिवस खंड पडला तर घाबरण्याचे कारण नाही. पण महिनोगणती खंड पडला तर मूळ व्याधी पुन्हा डोके वर काढते. लोह व कॅल्शियम यांच्या गोळ्यांपासून थायरॉक्सिनची गोळी चार तास दूर ठेवावी, मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासावे, आणि काही विपरीत जाणवले तर तक्रार अवश्य नोंदवावी. त्या दफ्तराची किंमत तक्रारींच्या सचोटीवर आहे, आणि त्यांवरून निष्कर्ष काढणाऱ्याच्या धीमेपणावरही.