जुन्या जीपची टाकी

श्रोतेहो, मी मराठीचा प्राध्यापक. मोटारीविषयी बोलण्याचा अधिकार तसा मला नाही. पण एका जुन्या जीपच्या पेट्रोल-टाकीने मला चार गोष्टी शिकवल्या, आणि त्यांतली एक तर जिवाशी गाठ घालणारी होती. ती आपल्या कानावर घालावी म्हणून हा खटाटोप.

आमच्या वडिलांची १९७२ सालची पेट्रोलवर चालणारी जीप. अमेरिकेतील विलीस कंपनीच्या जीपगाड्या महिंद्र कंपनीने पुढे मुंबईत जुळवायला सुरुवात केली. त्याच घराण्यातली ही. वडिलांनी तिच्यातून खतही वाहिले आणि वऱ्हाडही. ते गेल्यावर ती गोठ्याशेजारच्या पडवीत अकरा वर्षे उभी राहिली. कोंबड्यांनी तिच्यात अंडी घातली. मग एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मी हौसेने ती सुरू केली. सुरू झाली, दोन मैल गेली आणि बंद पडली. कार्बुरेटर उघडला तर आत तपकिरी गाळ. साफ केला, पुन्हा दोन मैल, पुन्हा गाळ. तीनदा असे झाल्यावर गावचा मिस्त्री म्हणाला, "सर, नळ धुऊन काय उपयोग? विहीरच गढूळ आहे."

विहीर म्हणजे टाकी. जीपमध्ये ती पुढच्या आसनाखाली असते. सुमारे ४० लिटरची. जुन्या टाक्या पुष्कळदा शिसे व कथील यांचा पातळ मुलामा दिलेल्या पोलादी पत्र्याच्या असत. आपल्या पितळी भांड्याला कल्हई असते ना, तसेच हे. कल्हई उडाली की भांडे कळकते, मुलामा उडाला की पत्रा गंजतो. टाकी अर्धवट रिकामी राहिली म्हणजे आतल्या हवेतील दमट वाफ रात्रीच्या गारव्याने पत्र्यावर दवासारखी जमते. पाणी पेट्रोलहून जड, त्यामुळे ते तळाशी जाऊन बसते आणि तिथून गंज धरतो. शिवाय जुने पेट्रोल वर्षानुवर्षे राहिले की त्याचा चिकट राळेसारखा थर होतो. त्यातून आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. आपल्याच उसाच्या मळीपासूनही ते बनते, ही आनंदाची गोष्ट. पण ते ओल ओढून घेते, आणि जुन्या रबरी नळ्या मऊ करते. जुन्या गाडीवाल्याने हे ध्यानात ठेवावे.

मी टाकी उतरवली. पेट्रोल काढून टाकले. तळाला सुईच्या अग्राएवढे एक भोक होते. टाकी डोक्यावर घेऊन तालुक्याच्या गावी एका वेल्डिंगच्या दुकानात गेलो. मालक जेवायला गेलेला. दुकानात एक पोरगा होता. जवळ गेल्यावर ओळखले, माझ्याच वर्गात मागच्या बाकावर बसणारा विद्यार्थी! सुट्टीत काम करीत होता. "सर, तुमचं काम लगेच करतो," म्हणाला. त्याने विचारले, "आत पेट्रोल आहे का?" मी मोठ्या खात्रीने सांगितले, "छे! एक थेंब नाही. दोन दिवस रिकामी आहे." त्याने वेल्डिंगची कांडी हातात घेतली.

तेवढ्यात शेजारच्या चहाच्या टपरीवर बसलेले एक वृद्ध गृहस्थ ओरडले, "थांब!" ते एस. टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले कारागीर होते. धावत येऊन त्यांनी पोराच्या हातातली कांडी काढून घेतली, आणि मला म्हणाले, "मास्तर, भरलेली टाकी जळते, रिकामी फुटते." मग आपला डावा कान दाखवला. तरुणपणी असाच एक रिकामा डबा त्यांच्याजवळ फुटला होता. तेव्हापासून त्या कानाने ऐकू येत नाही.

श्रोतेहो, यात गूढ काही नाही. पातळ पेट्रोल स्वतः जळत नाही, त्याची वाफ जळते. हवेच्या शंभर भागांत ही वाफ साधारण दीड ते साडेसात भाग असली की ठिणगीसरशी भडका. त्याहून फार जास्त असेल तर हवा अपुरी पडते, फार कमी असेल तर वाफ अपुरी पडते. भरलेल्या टाकीत वाफ दाट असते. रिकाम्या टाकीत मात्र ती हवेत नेमकी कालवली जाते. आणि ४० लिटरच्या टाकीत एवढी वाफ व्हायला पेट्रोल किती लागते? हिशेब केला तर चहाच्या चमच्याहूनही कमी. सांध्यात, गाळात, गंजाच्या पापुद्र्यात तेवढे सहज दडून राहते. आपण उपडी करतो आणि म्हणतो, थेंब नाही!

त्या दिवशी मी घरी आलो तो सुन्न होऊन. एम. ए. झालेला माणूस आणि एका पोराला असे खात्रीने सांगतो! पुढचे सारे काम त्या वृद्ध कारागिरांनी शिकवले तसे आम्ही दोघांनी, मी आणि त्या विद्यार्थ्याने, केले. ते क्रमाने सांगतो.

पहिले, जागा. काम उघड्यावर करावे. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती जमिनीलगत सरपटत दूरच्या चुलीपर्यंत जाते. विडी, दिवा, चूल जवळ नको. गाडीच्या बॅटरीची तार आधी सोडवावी. काढलेले जुने पेट्रोल झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवावे. चुलीत किंवा दिव्यात कदापि घालू नये.

दुसरे, धुणे. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून टाकी काठोकाठ भरावी, काही तास ठेवावी, ओतावी. असे तीनदा करावे. वास गेला एवढ्यावर विसंबू नये. मग साबणाचे पाणी अर्धी टाकी घेऊन आत बारीक साखळी सोडून हलवावे. साखळीचे एक टोक बाहेर बांधून ठेवावे, नाहीतर ती आतच राहते.

तिसरे, गंज. बाजारात लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, मिळते. लिटरला सुमारे ५० ग्रॅम, म्हणजे आमच्या टाकीला दोन किलो लागले. कोमट पाण्यात विरघळवून टाकी पूर्ण भरली आणि एक दिवस ठेवली. हातमोजे व चष्मा हवाच. जास्त दिवस ठेवले तर आम्ल चांगला पत्राही खाते. नंतर सोड्याच्या पाण्याने आम्ल मारावे आणि स्वच्छ पाण्याने धुवावे. हे सांडपाणी विहिरीजवळ किंवा गुरांच्या पाण्याजवळ ओतू नये. त्यात जुन्या मुलाम्यातले शिसे असू शकते.

चौथे, वाळवणे. ओला उघडा पत्रा तासाभरात पुन्हा तांबूस होतो. म्हणून लगेच कडक उन्हात, गरम वाऱ्याच्या यंत्राने वाळवावा. ज्योत नको.

पाचवे, भोक. गंज गेल्यावर आणखी दोन भोके उघडी पडली. गंजानेच ती बुजवून ठेवली होती. भोक वर येईल अशी टाकी ठेवून, त्याच्या जरा खालपर्यंत पाणी भरून, एक तोंड उघडे ठेवून, दूर तापवून आणलेल्या सळीने त्यांनी डाग दिला. पाणी भरल्यावर वाफेला आत जागाच उरली नाही. मग टाकी पुन्हा वाळवली.

आतून लावायचा इपॉक्सीचा लेपही मिळतो. इथेनॉल सोसणारा असेल तरच घ्यावा, आणि पत्रा अगदी स्वच्छ, कोरडा असेल तरच लावावा. आधी घासल्याशिवाय कल्हई बसत नाही, हे घरातल्या आयाबहिणींना सांगायला नको. घाणीवर लावलेला लेप पुढे पापुद्र्याने सुटतो आणि पुन्हा नळी बंद करतो. पत्रा चाळणीसारखा झाला असेल, तर मोह सोडून नवी टाकी करावी.

बाहेरून जुना रंग ओल्या कागदाने घासावा, म्हणजे शिशाची धूळ उडत नाही. त्यावर रेड ऑक्साइडचा हात, वर काळा रंग. टाकी बसते त्या खळग्यातली पाणी जाण्याची भोके मोकळी करावी, खाली रबरी पट्टी द्यावी. नळ्या व गाळणी नवी घालावी. आणि गाडी उभी ठेवायची तर टाकी भरून ठेवावी.

जीप आता चालते. वडिलांच्या शेतापर्यंत न थांबता जाते.

शिक्षक बंधुभगिनींना एकच सांगणे. ज्वलन, बाष्पीभवन, घनता हे शब्द आपण फळ्यावर लिहितो. आपल्या गावची किती मुले सुट्टीत गॅरेजमध्ये, वेल्डिंगच्या दुकानात राबतात! त्या शब्दांचा अर्थ त्यांना तिथे लागतो. धड्याच्या शेवटी रिकाम्या टाकीची गोष्ट जरूर सांगा.

तो विद्यार्थी अजून त्याच दुकानात सुट्टीत काम करतो. परवा गेलो होतो. दुकानाच्या दाराशी खडूचा तुकडा दोरीने टांगलेला. टाकी आली की तिच्यावर तो आधी लिहितो, 'न धुतलेली'. तो स्वतः धुतो, पाणी भरतो, मग पहिले अक्षर पुसतो. तोवर दुकानात कांडी पेटत नाही. मालकाचीही नाही.